भूमीचा आवाज आणि साक्षीदाराचा शब्द

१५ फेब्रुवारी २०२३ चा बुधवार. सकाळी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान लातूर शहराच्या पूर्वभागात, विवेकानंद चौकाच्या परिसरात, जमिनीखालून गूढ आवाज आल्याचे अनेकांनी ऐकले. घबराट पसरली. काही जागरूक नागरिकांनी प्रशासनाला कळवले. आपत्ती व्यवस्थापन विभागाने लातूर शहर, औराद शहाजानी आणि आशिव या तीन ठिकाणच्या भूकंपमापन केंद्रांकडे विचारणा केली. एकाही केंद्रावर भूकंपाची नोंद नव्हती. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी आणि किल्लारीच्या परिसरातही असेच आवाज ऐकू आले होते.

ज्यांनी आवाज ऐकला ते खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. आवाज झाला, हे त्यांचे स्वतःच्या कानांचे सांगणे होते आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नव्हते. परंतु ‘आवाज झाला’ आणि ‘भूकंप झाला’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. पहिले विधान साक्षीदाराचे, दुसरे त्याच्या भयाचे. ही दोन वेगळी करण्याचे काम त्या दिवशी तीन यंत्रांनी केले. प्रत्येक बातमीसाठी अशी यंत्रे नसतात. तेथे हे काम वाचकालाच करावे लागते.

आज ज्याच्या हातात मोबाइल आहे तो प्रत्येक जण बातमीदार झाला आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत बातमी जाण्यापूर्वीच ती गल्लीतून जगभर जाते. याला ‘नागरिक पत्रकारिता’ असे नाव मिळाले आहे. तिचे उपकार मोठे आहेत आणि अपायही तितकेच. पवित्र मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एखादी आजी नातवाचा मोबाइल पुढे करून विचारते, “फादर, हे खरं हाय का?” तेव्हा माझ्याजवळ नेहमीच उत्तर असते असे नाही. पण तो प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्या मराठवाड्याने त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली आहे. एकदा खऱ्या साक्षीदारावर विश्वास न ठेवल्याने आणि एकदा साक्षीदारच नसलेल्या बातमीवर विश्वास ठेवल्याने. ही दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

लातूरचा माणूस जमिनीच्या आवाजाने का दचकतो, हे वाचकांना सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसराला ६.२ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदांचे जड मातीचे छत यांखाली माणसे गाडली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. सरकारी गणनेप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. पहिल्या काही दिवसांत याहून कितीतरी मोठे आकडे छापले गेले होते. ढिगाऱ्यापुढे उभा असलेला माणूस आकडा मोजत नाही, अंदाज बांधतो. आणि अंदाज छापला गेला की त्यालाच गणनेचे रूप येते.

परंतु या भूकंपाच्या इतिहासातील अधिक बोचणारी गोष्ट त्याच्या आधीच्या वर्षातील आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या लोकांना लहानलहान हादरे जाणवत होते आणि जमिनीतून गुरगुर ऐकू येत होती. ऑक्टोबरमध्ये त्यांचा जोर वाढला. लोक घाबरून घराबाहेर झोपत. हे प्रशासनाच्या कानांवरही गेले होते. पण दख्खनचे पठार हा एक स्थिर, अचल खडक आहे, अशी त्या काळी विद्वानांची आणि सर्वसामान्यांची समजूत होती. देशाच्या भूकंपविषयक नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या श्रेणीत मोडत होता. नकाशा एक सांगत होता आणि गावकऱ्यांचे कान दुसरे. विश्वास नकाशावर बसला. हादरे मंदावले, माणसे पुन्हा माळवदांखाली झोपू लागली. पुढे २००२ मध्ये तो नकाशा सुधारण्यात आला. पहिली श्रेणीच रद्द झाली आणि लातूरचा परिसर तिसऱ्या श्रेणीत गेला. किल्लारीच्या शेतकऱ्याने जे १९९२ मध्ये सांगितले होते, ते कागदावर यायला १० वर्षे आणि जवळजवळ ८ हजार जीव लागले.

येथे न्याय्य बोलले पाहिजे. त्या गावकऱ्यांनाही मोठा भूकंप येणार हे ठाऊक नव्हते. तसे भाकीत आजही कोणी करू शकत नाही. हादरे प्रत्येक वेळी मोठ्या भूकंपाची वर्दी देतातच असेही नाही. परंतु ते जेवढे सांगत होते तेवढे पूर्णपणे खरे होते: जमीन हलते आहे. हे सांगणाऱ्यांपाशी पदवी नव्हती, यंत्र नव्हते, वृत्तपत्र नव्हते. लहान माणसाची साक्ष लहान समजली जाते, हा जगाचा जुना नियम आहे. प्रभूची कबर रिकामी असल्याचे वर्तमान प्रथम स्त्रियांनी आणले, तेव्हा प्रेषितांनादेखील ती निरर्थक बडबड वाटली, हे लूकच्या शुभवर्तमानात प्रामाणिकपणे नमूद केले आहे. ख्रिस्तसभेचा आरंभच असा एका अव्हेरलेल्या साक्षीपासून झाला. म्हणून तरी आपण ख्रिस्ती माणसांनी सांगणाऱ्याच्या पायरीवरून बातमीची पायरी ठरवू नये.

याच्या उलट, मोठ्या माणसाचा शब्द म्हणून प्रत्येक शब्द अचूक असतो असेही नाही. त्याच १९९३ मध्ये १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोट बारा ठिकाणी झाले होते. तेव्हाचे मुख्यमंत्री श्री. शरद पवार यांनी लोकांना ते सांगताना आणखी एका ठिकाणाची भर घातली. हिंदू-मुस्लिम दंगल पुन्हा भडकू नये म्हणून आपण जाणूनबुजून तसे केले, हे पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितले. हेतू समजण्यासारखा होता, आणि पुष्कळांना तो योग्यही वाटला. परंतु अधिकृत सूत्रालाही कधी कधी सत्याशिवाय दुसरे प्रयोजन असते, एवढा धडा वाचकाने त्यातून घ्यावा. मग विश्वास ठेवावा तरी कोणावर?

या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर इतिहासात सापडते, आणि त्यात आपल्यासारख्या धर्मग्रामांचा वाटा आहे. १ नोव्हेंबर १७५५ या सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लोक चर्चमध्ये प्रार्थनेत असताना, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भीषण भूकंपाने कोसळली. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि आग लागली. हा देवाचा कोप आहे, असे प्रवचनकार सांगू लागले. मालाग्रिदा नावाच्या जेज्विट धर्मगुरूंनी १७५६ मध्ये याच आशयाची पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी, पोंबालचा मार्क्विस या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या राजवटीत, देशभरातील धर्मग्रामांच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली गेली. धक्का किती वाजता बसला आणि किती वेळ टिकला? तो एखाद्या दिशेने अधिक जोराचा वाटला काय? किती घरे पडली, किती माणसे दगावली? समुद्र आधी चढला की आधी ओसरला? जमिनीला भेगा पडल्या काय, विहिरी-झऱ्यांत काय फरक दिसला?

त्या उत्तरांचे कागद आजही लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जतन केलेले आहेत आणि भूकंपशास्त्राचे अभ्यासक त्यांचा आधार घेतात. खेड्यापाड्यांतील ते धर्मगुरू शास्त्रज्ञ नव्हते. तरीही त्यांची साक्ष अडीचशे वर्षे टिकली, कारण त्यांना भूकंप का झाला हे विचारले नव्हते. काय पाहिले एवढेच विचारले होते. ज्या प्रवचनकारांनी ‘का’चे उत्तर दिले त्यांचे बोलणे मागे पडले, ज्यांनी ‘काय’चे उत्तर दिले त्यांचे शिल्लक राहिले. धर्मगुरू म्हणून मला हा इतिहास थोडासा टोचतो आणि पुष्कळसा शिकवतो.

योहानच्या शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्य आठवावा. परुश्यांनी त्याला दोनदा बोलावून त्याची उलटतपासणी केली. आपल्याला बरे करणारा पापी आहे किंवा नाही, या वादात तो प्रथम पडलाच नाही. आपण आंधळे होतो आणि आता दिसते आहे, एवढ्यावर तो ठाम राहिला. जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नाही म्हणाला. चांगल्या साक्षीदाराचे लक्षण हेच. तो आपल्या अनुभवाची मर्यादा ओळखतो आणि त्या मर्यादेच्या आत कोणाला भीत नाही.

अशा साक्षीचा आदर केला की काय साधते, ते नांदेडने पाहिले आहे. २००६ च्या नोव्हेंबरपासून नांदेड शहराच्या काही भागांत आवाजासह सौम्य हादरे जाणवू लागले आणि पुढील काही वर्षे ते अधूनमधून येत राहिले. येथेही प्रथम सांगणारे सामान्य रहिवासीच होते. परंतु किल्लारीचा अनुभव गाठीशी होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांकडे लक्ष दिले, मापनयंत्रे बसवली, आणि हे उथळ, लहान भूकंप असल्याचे दाखवून दिले. लोकांच्या कानांनी प्रश्न विचारला, यंत्राने उत्तर दिले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेडलाही जाणवला. १० जुलैला पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा बसला. तेव्हा ज्यांनी ‘आमच्या घरातील भांडी हलली’ असे वेळ आणि गाव लिहून कळवले, त्यांनी खरी नागरिक पत्रकारिता केली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा साक्षी गोळा करण्याची रीतच पाडली आहे. तिची प्रश्नावली पाहिली की १७५६ च्या प्रश्नावलीची आठवण होते.

आता दुसरी बाजू. २०१८ च्या मे-जूनमध्ये मुले पळवणारी टोळी आल्याचा संदेश महाराष्ट्रभर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागला. सोबत एक चित्रफीत असे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पळ काढतात. मूळ चित्रफीत पाकिस्तानातील कराची शहरातील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा आपल्या गावचा म्हणून फिरला. जूनमध्ये वैजापूर तालुक्यातील चांडगाव येथे जमावाने दोघांना ठार केले. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतूनही संशयावरून मारहाण झाल्याच्या बातम्या त्या काळात आल्या. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मंगळवेढा भागातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी मुले पळवणारे समजून धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारी ती माणसे. परके असणे, एवढाच त्यांचा अपराध.

त्या संदेशाचा साक्षीदार कोण होता? कोणीच नव्हता. एकाही मुलाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, पोलीस ठाण्याचा उल्लेख नव्हता. तरी हजारो शहाण्यासुरत्या माणसांना तो खरा वाटला. का वाटला, याचा विचार रागावर न थांबता केला पाहिजे. एक तर, संदेश मेहुण्याने, शेजाऱ्याने, मास्तरांनी पाठवलेला असे. पाठवणाऱ्यावरचा आपला विश्वास आपण नकळत संदेशाला बहाल करतो. मेहुणा खोटे बोलत नाही हे खरे. पण मेहुण्याने पाहिलेच नव्हते, हे आपण विचारतच नाही. दुसरे म्हणजे, तोच संदेश पाच ठिकाणांहून आला की पाच साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः ती एकाच आवाजाची पाच प्रतिध्वनी असतात. तिसरे, चित्रफीत. कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर, असे आपण म्हणत आलो. आता ते अंतर फसवे झाले आहे. चित्र खरे असते. त्याचे गाव, त्याचा दिवस आणि त्याचा शेवट खोटा असतो. आणि चौथे, सर्वांत बलवान कारण म्हणजे लेकरांची काळजी. भीती जेवढी जवळची, तेवढा पुरावा थोडा पुरतो.

मजकूर वाटेत बदलला जाण्याची भीती मराठी मनाला नवी नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्याविषयी ‘ध चा मा’ केल्याची कथा आपण शाळेपासून ऐकतो. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले म्हणतात. गंमत अशी, की या कथेलाच भक्कम पुरावा नाही आणि इतिहाससंशोधकांनी तिच्याविषयी शंका घेतलेली आहे. तरीही आनंदीबाईंच्या माथी तो दोष अडीचशे वर्षे चिकटून राहिला. अफवेविरुद्ध दिला जाणारा आपला सर्वांत प्रसिद्ध दाखलाच कदाचित अफवा असावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मोशेच्या नियमशास्त्राने दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून कोणालाही दोषी ठरवू नये असे घालून दिले होते. त्याहून कडक अट अशी, की देहदंडाच्या प्रसंगी पहिला हात साक्षीदाराचाच पडला पाहिजे. म्हणजे बोलणाऱ्याला आपल्या शब्दाचा भार स्वतःच्या हातांवर सोसावा लागे. राईनपाड्यात ज्यांचे हात उठले त्यांनी काही पाहिले नव्हते. आणि ज्यांनी संदेश रचला वा पुढे ढकलला त्यांचे हात स्वच्छ राहिले. या घटनेनंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी संदेश पाठवण्यास अटकाव केला. उपाय चांगला आहे. परंतु विवेकाची जागा बटण घेऊ शकत नाही.

हे सारे लिहिताना आपल्या घराकडे पाठ करून चालणार नाही. मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला येथील चर्चच्या आवारातील क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. चर्चने तो चमत्कार असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले नव्हते. परंतु भाविकांची रीघ लागली. सनल एडामरुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्यांनी पाहणी करून, जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते आहे, असे दाखवले. त्यांचे काही बोलणे आपल्याला लागले असेल. पण आपल्यापैकी काहींनी त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या आणि अखेर ते देश सोडून फिनलंडला गेले. पाणी कोठून येते, या साध्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी आपण प्रश्न विचारणाऱ्याकडे बोट दाखवले. आजही आपल्या कौटुंबिक गटांत मूर्तीच्या डोळ्यांतील अश्रूंची छायाचित्रे आणि कधीकाळच्या, कोठल्याशा छळाची चित्रे ‘आजची’ म्हणून फिरत असतात. आपल्या बाजूची म्हणून ती खरी ठरत नाहीत.

ख्रिस्तसभेची खरी परंपरा याहून सावध आहे. १८५८ मध्ये लूर्द येथे बर्नादेत ही १४ वर्षांची गरीब गिरणीवाल्याची मुलगी आपल्याला गुहेत एक स्त्री दिसल्याचे सांगू लागली. तिला कोणी हाकलून दिले नाही असे नाही. पोलिसांनी दटावले, धर्मगुरूंनी संशय घेतला. पण तिने आपल्या सांगण्यात भर घातली नाही आणि त्यातून काही वगळलेही नाही. तेथील महागुरूंनी चौकशी समिती नेमली आणि जवळजवळ ४ वर्षांनी, जानेवारी १८६२ मध्ये, निर्णय दिला. लहान मुलीची साक्ष ऐकून घेतली गेली आणि तिची कसोटीही घेतली गेली. ऐकणे आणि पारखणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचे हे उदाहरण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयी आदेश काढला, त्यात समाजाला माहिती मिळण्याचा हक्क मान्य करतानाच ती सत्य असली पाहिजे अशी अट घातली. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१८ मध्ये खोट्या बातम्यांवर संदेश दिला, तेव्हा एदेन बागेतील सर्पाकडे निर्देश केला. सर्पाचे बोलणे सत्यासारखे दिसत होते, म्हणूनच ते घातक ठरले. त्यानंतर पाचच महिन्यांनी राईनपाडा घडले.

तेव्हा आजीच्या प्रश्नाला उत्तर देताना मी आता तिलाच काही विचारतो. हे कोणी पाहिले? ज्याने पाठवले त्याने, की आणखी कोणी? गाव आणि दिवस लिहिला आहे काय? पाहिलेले किती आणि त्यावरून काढलेले अनुमान किती? दुसऱ्या कोणी, पहिल्याचे न ऐकता, हेच सांगितले आहे काय? आणि हे खोटे निघाले तर मार कोणाला बसेल? या शेवटच्या प्रश्नापाशी पुष्कळदा हात थांबतो. परंतु उत्तर समाधानकारक आले, तर बोलणाऱ्याच्या फाटक्या कपड्यांकडे न पाहता त्याचे सांगणे वरपर्यंत पोहोचवणे हेही आपलेच कर्तव्य आहे. केवळ संशयी होणे म्हणजे विवेकी होणे नव्हे. १९९२ च्या किल्लारीला संशयी माणसे कमी नव्हती.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मृतांना आदरांजली वाहिली जाते. राईनपाड्याच्या पाच भिक्षेकऱ्यांची घरे मात्र फार दूर, मंगळवेढ्याकडे आहेत. या वर्षी आपल्या मृतांसाठी मेणबत्ती लावताना दोन्हीकडच्यांची आठवण ठेवू या: ज्यांचा खरा शब्द कोणी ऐकला नाही त्यांची, आणि ज्यांच्याविषयीचा खोटा शब्द सर्वांनी ऐकला त्यांचीही.